थंड हवेमागचा घाम



गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एसी बसवायचे ठरले. नगरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल संपता संपता पारा चाळिशीच्या पुढे जातो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, आणि जोहरच्या नमाजला पहिल्या सफेत उभी राहणारी आमची बुजुर्ग मंडळी सुन्नत पुरी होईपर्यंत घामाने भिजून जातात. चंदा जमा झाला. एका जुम्याला नमाजनंतर चार खोकी अंगणात उतरली. मुले भोवती गोळा झाली. दीड टनाचे पुरतील का, वीजबिल कोण भरणार, अशी चर्चा सुरू झाली.

त्या गर्दीत एक तरुण खाली बसून खोक्यावरचा छापील मजकूर वाचत होता. मूळचा पारनेर तालुक्यातला, कामासाठी केडगावला खोली घेऊन राहणारा. तो उठला आणि मुतवल्ली चाचांना म्हणाला, "चाचा, असल्या कॉइलचे जोड आमच्या लाइनवर होतात. कोण जाणे, यातला एखादा माझ्याच हातचा असेल."

लोक हसले. त्याने शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढे काळपट डाग होते. ब्रेझिंगच्या ठिणग्यांचे.

आम्ही त्याला बाजूला बसवून घेतले. बोलता बोलता आमच्या तोंडून एक वेडा प्रश्न निघून गेला, "मग तुझ्या घरी एसी असेलच?" तो म्हणाला, "पत्र्याची खोली आहे चाचा. एक पंखा आहे. पण झोप लागते, दमलेले असतो ना." तक्रारीचा सूर नव्हता. या महिन्याचे आपले सदर त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी.

गारवा मिळवण्याची धडपड आपल्या शहराला नवी नाही. फराहबाग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. निजामशाहीत तिचे काम सुरू झाले आणि सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरे झाले. चारी बाजूंनी तळे आणि मधोमध उंच दालनांचा महाल. पाण्यावरून येणारा वारा आत थंड होऊन यावा अशी ती रचना. त्या काळी कापूरवाडी, शेंडी अशा ठिकाणांहून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी खेळवले होते. सुलतानांना तळे परवडत होते. आपल्या दादी-नानींना वाळ्याचा पडदा, माठ आणि अंगणात शिंपडलेले पाणी परवडत होते. सूरह नह्लमध्ये अल्लाहतआलाने सावली, डोंगरातील आसरे आणि उन्हापासून जपणारे कपडे यांची आठवण आपल्या नेमतींमध्ये करून दिली आहे. तेव्हा उन्हापासून बचाव करणे म्हणजे चैन असे आम्ही मानत नाही. ती गरज आहे. प्रश्न एवढाच की जो हात आपल्याला सावली देतो, त्याच्या वाट्याला काय येते.

एसी हे यंत्र मुळात माणसासाठी बनलेच नव्हते. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियरने हवा कोरडी आणि थंड करण्याची योजना काढली. म्हणजे पहिला गारवा मिळाला तो कागदाला. मग कापड गिरण्या, थिएटरे, मोठी दुकाने यांना मिळाला. सामान्य माणसाच्या घरात तो यायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

युद्ध संपले, सैनिक घरी परतले, शहरांबाहेर छोट्या छोट्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि खिडकीत बसणारा एसी बाजारात आला. १९४७ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ४३ हजार एसी विकले गेले. १९५३ मध्ये हा आकडा १० लाखांच्या वर गेला. सहा वर्षांत एवढी वाढ! ही यंत्रे सिरॅक्यूज, फिलाडेल्फिया, डेटन अशा शहरांतले कामगार बनवत होते. त्यांच्यात स्त्रियाही होत्या, परदेशातून पोटासाठी आलेल्यांची मुलेही होती. त्या पिढीतल्या पुष्कळ कामगारांनी त्या पगारावर घरे बांधली, मुले शिकवली, कारण त्यांच्या युनियन मजबूत होत्या आणि नोकरी कायम होती. पण तेही टिकले नाही. ज्या सिरॅक्यूजमध्ये कॅरियर कंपनीत हजारो माणसे कामाला असत, तिथले उत्पादन बंद करण्याची घोषणा २००३ मध्ये झाली आणि सुमारे १,२०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. काम स्वस्त मजुरीच्या दिशेने सरकत जाते. आज ते आपल्या दारात आले आहे, म्हणून ही जुनी गोष्ट ठाऊक असलेली बरी.

आपल्या देशात मोहन अडवाणी यांनी १९४३ मध्ये मुंबईत ब्लू स्टार सुरू केली, ती जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून देण्यासाठी. १९५४ मध्ये टाटा आणि स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास काढली. ठाण्याच्या पोखरण रोडवरचा व्होल्टासचा कारखाना जुन्या लोकांना आठवत असेल. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे ते ठाणे. आज त्याच भागात निवासी मनोरे उभे आहेत आणि मनोऱ्यांच्या भिंतींवर एसीची ओळ लागली आहे. यंत्र राहिले, ते बनवणारा तिथून उठला. कोकणातली, मुंब्रा-कौसा-कल्याणकडची आपली कितीतरी मुले हीच विद्या शिकून एसी मेकॅनिक म्हणून आखातात गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर इकडे बहिणींची लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले. अशा एका तरी मामूंची किंवा खालूंची गोष्ट तुमच्याही घरात असेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सरकारी कागदावर तो आता अहिल्यानगर झाला आहे, पण एसटीत बसलेला माणूस अजून "एक नगर" म्हणूनच तिकीट मागतो. नगरहून पुण्याकडे निघालो की केडगाव, चास, कामरगाव मागे पडते आणि सुपा येते. पारनेर हा दुष्काळी तालुका. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबई गाठत आली. नगर शहरात १९७२ च्या सुमारास कायनेटिकची लुना बनू लागली तेव्हा काहींना घराजवळ काम मिळाले. सुप्याला औद्योगिक वसाहत झाली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा ठेवला गेला. त्याच सुप्यात आज कॅरियर आणि चीनच्या मिडिया समूहाच्या भागीदारीतल्या कंपनीचा कारखाना आहे. ब्रुकलिनच्या छापखान्यात घाम गाळणाऱ्या त्या इंजिनियरचे नाव सव्वाशे वर्षांनी पारनेर तालुक्यात फाट्यावरच्या पाटीवर आले. घोड नदी ओलांडून शिरूर तालुक्यात गेलो की रांजणगाव. तिथे एलजी, हायर, व्हर्लपूल अशा घरगुती उपकरणांच्या कंपन्या आहेत. पारनेर, श्रीगोंदा, नगर तालुक्यातली मुले कंपनीच्या बसने या दोन्ही ठिकाणी कामाला जातात.

ही गर्दी वाढण्यामागे सरकारी धोरणही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये गॅस भरलेले तयार एसी आयात करण्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी एसी आणि एलईडी दिव्यांचे सुटे भाग देशातच बनावेत म्हणून ६,२३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. काम आले ही चांगलीच गोष्ट आहे. पण आलेले काम कशा स्वरूपाचे आहे, हे त्या तरुणाकडून ऐकले तेव्हा आम्हाला नीट कळले.

आधी तो करतो काय ते सांगतो, कारण रोज वापरतो ती वस्तू आपल्याला माहीतच नसते. एसीच्या पोटात तांब्याच्या नळ्यांची जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. लांब नळी केसाच्या पिनेसारखी मधोमध वाकवतात. अशा नळ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांतून ओवतात, मग आतून फुगवून घट्ट बसवतात. नळ्यांची उघडी तोंडे इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या छोट्या वाकड्या तुकड्यांनी जोडायची असतात. हे जोड आगीच्या ज्योतीने करतात, तेच ब्रेझिंग. तांबे १,०८५ अंशांना वितळते. जोडणारा मिश्रधातू त्याच्या बराच खाली, सातशे-आठशे अंशांच्या आसपास वितळतो. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत त्या मुलाची रोजी आहे. ज्योत जास्त वेळ धरली तर नळी जळून पातळ होते. कमी वेळ धरली तर जोड कच्चा राहतो. एका कॉइलला असे डझनावारी जोड, आणि लाइन कोणासाठी थांबत नाही.

पुढे कॉइल गळते का ते तपासतात. आतली हवा आणि दमटपणा पंपाने ओढून काढतात. कॉम्प्रेसर आणि पंखा बसलेल्या बाहेरच्या पेटीत वजनाच्या अचूक मापाने गॅस भरतात. पूर्वी आर-२२ नावाचा गॅस असे. तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला बाधतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर हळूहळू मागे घेतला गेला. आता बहुतेक घरगुती एसीत आर-३२ असतो. तो ओझोनला बाधत नाही, पण थोडा ज्वालाग्राही असतो, म्हणून गॅस भरणाऱ्यालाही आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही जपून काम करावे लागते.

आणि टन म्हणजे काय? आमच्या मुतवल्ली चाचांना वाटत होते की ते यंत्राचे वजन. टन हे बर्फाचे माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसभर चालला तर साडेतेराशे किलो बर्फाचे काम करतो. फराहबागेच्या मालकांनाही जमले नसते ते आज भिंतीवरची पेटी करते. हा हिशेब ऐकून चाचा बराच वेळ गप्प बसले.

कारागिरीची कदर आपल्या दीनने फार वरची केली आहे. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात जुळवण्याची शिकवण दिली, असे कुरआनमध्ये आले आहे. ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमधून आपल्याला कळते. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करत. तांब्याचा जोड घालणारा हा मुलगा त्याच वाटेवरचा आहे. त्याला आम्ही विचारले, "घाई असते, एखादा जोड कच्चा सोडला तर कोणाला कळणार?" तो म्हणाला, "बहुतेक तपासणीत कळतोच. पण बारीक छिद्र कधी कधी निसटते. मग वर्षभराने कोणाच्या तरी घरचा गॅस संपतो. त्याला माझे नाव माहीत नसते, पण मला माहीत असते ना." अमानत या शब्दाचा अर्थ यापेक्षा सोप्या भाषेत आम्ही ऐकला नव्हता.

आता त्याच्या अडचणीची गोष्ट. एसी उन्हाळ्यात विकला जातो, म्हणून तो हिवाळ्यात बनतो. दिवाळीनंतर ठेकेदारांची माणसे गावोगाव निरोप धाडतात. डिसेंबरपासून मेपर्यंत लाइन भरून चालते, ओव्हरटाइम मिळतो, रविवारीही बोलावणे येते. जून लागला, पहिला पाऊस पडला की त्याच मुलांना 'ब्रेक' मिळतो. कंपनीच्या भाषेत ब्रेक, घरच्या भाषेत बेकारी. पुढच्या हंगामात पुन्हा बोलावतील, पण कदाचित दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर आणि नव्याने लागल्यासारखे. याची चार वर्षे अशी झाली. कामात तो पक्का झाला, कागदावर मात्र दरवर्षी नवाच राहिला. कंपनीचे किंवा ठेकेदाराचे नाव इथे घेत नाही. हंगामाची ही रीत एका कारखान्यापुरती नाही.

याच हंगामात गेली काही वर्षे रमजान येतो आहे. सहरी करून तो पहाटेची बस पकडतो आणि रोजा ठेवून ज्योतीसमोर उभा राहतो. दुसऱ्या शिफ्टला असला तर मगरिबची वेळ लाइनवरच होते. त्याच्या शेजारी श्रीगोंद्याचा एक मुलगा काम करतो. तो सूर्य मावळताना न सांगता याच्या हातातली ज्योत घेतो आणि म्हणतो, "जा, खजूर खाऊन ये." महाशिवरात्रीला उपवासाने त्याला गरगरले तर हा त्याच्या जागी उभा राहतो. सुपरवायझर बघतो आणि न बघितल्यासारखे करतो. वर्तमानपत्रात असली बातमी येत नाही, म्हणून इथे लिहितो.

ब्रेकचे महिने मात्र एकट्याने काढावे लागतात. मागच्या वर्षी त्याच्या अम्मींच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले, तेही जुलैमध्ये. पगार बंद, बचत नाही. कोणीतरी फायनान्सचे कर्ज सुचवले. दर आठवड्याला हप्ता, वर व्याज. त्याने घेतले. "गुनाह माहीत होता चाचा, पण अम्मी भिंतीला हात लावून चालत होत्या." यावर आम्ही काय बोलणार? त्याला उपदेश करणे सोपे होते. पण जुलैमध्ये आम्ही कुठे होतो, हा सवाल त्याआधी येतो.

त्या दिवशी आम्ही त्याचे कागद मागवून पाहिले. ज्यांची मुले अशा कामावर जातात त्या माता-पित्यांनी आणि बहिणींनीही हे पाहावे, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पगाराची पावती. दर महिन्याची जपून ठेवावी, मोबाइलवर आली तरी फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवावा. तिच्यावर ठेकेदाराचे नाव, कामाचे दिवस आणि ओव्हरटाइमचे तास दिसले पाहिजेत. ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुप्पट असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने ही रीत घालून दिली आणि नव्या कामगार संहितेतही ती कायम आहे.

दुसरी, भविष्य निर्वाह निधी. मुलाच्या पगारातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालकाने भरायचे असतात. त्याचा बारा आकडी यूएएन क्रमांक एकच असतो, ठेकेदार बदलला तरी तोच द्यावा. या मुलाचे दोन क्रमांक निघाले, कारण दुसऱ्या ठेकेदाराने विचारले नाही आणि याने सांगितले नाही. शिवाय प्रत्येक ब्रेकला निधी काढून घेण्याची सवय लागते. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. प्रत्येक वेळी सगळे काढून टाकले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तिसरी, ईएसआय. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला ते लागू होते. त्याच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो आणि त्यात त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचाराचीही सोय असते, पण त्यांची नावे नोंदलेली हवीत. या मुलाच्या कार्डावर अम्मींचे नाव नव्हते. पाऊण टक्का दर महिन्याला जात होता आणि ऑपरेशन व्याजाच्या पैशावर झाले. आम्हाला सर्वात जास्त टोचले ते हे. अर्ज एक पानाचा होता, तो भरायला सांगणारे कोणी नव्हते. ब्रेकच्या काळातही हा हक्क लगेच संपत नाही. आधीच्या महिन्यांत भरलेल्या वर्गणीवर पुढचे काही महिने उपचार मिळू शकतात. कार्यालयात जाऊन विचारावे, लाजू नये.

चौथी, ठेकेदार पगार बुडवून पळाला तर हात चोळत बसू नये. ज्याच्या कारखान्यात काम झाले त्या मूळ मालकावर तो पगार देण्याची जबाबदारी येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तिथेही ती पगाराची पावतीच कामाला येते.

आणि शेवटची, हुनर. लाइनवर एकच काम येते. चार वर्षे जोड घालणाऱ्याला पूर्ण एसी उघडून दुरुस्त करता येतोच असे नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, दहावीनंतर घेता येतो. ज्याच्याकडे ही विद्या आहे त्याला ब्रेक देणारा कोणी नसतो. दहावीला बसलेल्या मुला-मुलींच्या घरी हे जरूर बोलावे. मुलींच्याही, कारण कारखान्यांच्या लाइनवर आज मुलीही उभ्या आहेत.

आता आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली. मशिदीत एसी बसवायला दोन फिटर आले होते. भर दुपारी गच्चीवर, कमरेला पट्टा नाही, कठड्याबाहेर झुकून त्यांनी बाहेरच्या पेट्या बसवल्या. आम्ही खाली नव्या गारव्यात बसून एकमेकांना मुबारकबाद देत होतो. वर पाणी पाठवायचेही दुपार उतरल्यावर कोणाला तरी सुचले. काम दोन दिवसांत संपले. मजुरी मागितली तर कमिटीतून उत्तर गेले, "हिशेब व्हायचा आहे, पुढच्या जुम्याला या." फिटर पुढच्या जुम्याला आला. त्याच्या पुढच्यालाही आला. तिसऱ्या जुम्याला तो बाहेर चपलांजवळ उभा होता, तेव्हा आमच्या या ब्रेझिंगवाल्या मुलाने त्याला पाहिले आणि आमच्या कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, आत एसी चालू आहे आणि बसवणारा उन्हात उभा आहे."

मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानपणापासून आपल्याला पाठ आहे. मजुराकडून पुरेपूर काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, हेही हदीसमध्ये आले आहे. आणि ताकदीबाहेरचे काम सांगितले तर त्याला हातभार लावावा, हेही. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. त्याच छताखाली बसून आम्ही ते तीन जुमे विसरलो. कोणाची नियत वाईट नव्हती. पैसेही पेटीत होते. नुसती ढिलाई होती. पण ज्याच्या घरी त्या पैशांचे पीठ यायचे होते, त्याला आपली नियत खाता येत नाही.

त्याच दिवशी मजुरी दिली, माफी मागितली. कमिटीने ठराव केला की मशिदीच्या कामाची मजुरी काम संपेल त्या दिवशी, मगरिबच्या आत. दुसराही एक ठराव झाला. एसीसाठी जमलेल्या चंद्यातून थोडी रक्कम उरली होती. कोणी म्हणाले ती ब्रेकवाल्या मुलांच्या मदतीला द्या. इमाम साहेबांनी अडवले. ज्या कामासाठी लोकांनी दिली त्याच कामाला ती लागली पाहिजे. बरोबरच होते. ती रक्कम एसीच्या देखभालीला ठेवली आणि ब्रेकच्या महिन्यांसाठी वेगळी पेटी सुरू केली. बिनव्याजी कर्ज, हंगाम लागला की परत करायचे. पेटी अजून लहान आहे. पण या जूनपासून दोन घरांचा साप्ताहिक हप्ता तिने थांबवला.

तो मुलगा ब्रेकमध्ये त्याच फिटरच्या हाताखाली जाऊ लागला. चार महिन्यांत गॅस भरणे, कॉम्प्रेसर तपासणे, वायरिंग एवढे शिकला. धाकट्या भावाचा आयटीआयचा अर्ज त्याने स्वतः भरला. अम्मींचे नाव कार्डावर चढले. दिवाळीनंतर ठेकेदाराचा निरोप आला तेव्हा तो पुन्हा लाइनवर गेला, पण जाताना पहिला प्रश्न यूएएनचा विचारला.

वाचकहो, या उन्हाळ्यात तुमच्या घरी कोणी एसी बसवायला किंवा धुवायला येईल. त्याला भर दुपारी बोलावू नका, सकाळी बोलावा. रमजान असेल तर त्याच्या रोजाचा विचार करा. तो कोणत्याही धर्माचा असो, आल्या आल्या पाणी विचारा. कठड्याबाहेर झुकत असेल तर दोरी बांधल्याशिवाय झुकू देऊ नका. आणि "उद्या या" म्हणू नका. खोली थंड झाल्यावर क्षणभर त्या जोडांचा विचार करा, जे कोणीतरी कुठेतरी पहाटेच्या बसने जाऊन घातले आहेत.

अल्लाह आपल्या घरांत गारवा देवो आणि तो गारवा घडवणाऱ्यांच्या रिझ्कमध्ये बरकत देवो. आमीन. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह.